गिरणीच्या वर, पिवळं दार

"हेमलता दिनकर रेळेकर हितंच राहती का?"

दारात एक म्हातारी उभी होती आणि मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात रहस्यकथा घालून वाचत बसले होते. बारावीचं वर्ष होतं. माझ्या गुप्तहेराला नुकताच कपाटात मुडदा सापडला होता. अशा वेळी परक्या तोंडून आपलं संपूर्ण नाव ऐकल्यावर मला वाटलं, झालं, वाचनालयाची माणसं पुस्तक मागायला घरापर्यंत आली. मी पुस्तक मांडीखाली सरकवलं आणि चेहरा निष्पाप केला. तो मला कधीच जमत नसे.

म्हातारीच्या मागं स्कूटरची किल्ली बोटात फिरवत एक उंच माणूस उभा होता. आईनं दोघांना आत घेतलं, पाणी दिलं. आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच बाबांचं शिंप्याचं दुकान, त्यामुळं येईल तो आधी बाबांच्या मशीनसमोर बसायचा. म्हातारी तिथल्या स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "लई हुडकलं बघा. गावभागात गेलो. गिरणी हाय, गिरणीच्या वर माडी हाय, पण पिवळं दार कुठंच न्हाई. शेवटी गिरणीवाल्यानं हिकडं धाडलं."

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. गावभागातली ती माडी आम्ही सोडली तेव्हा मी दुसरीत होते. "पिवळं दार तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"आमच्या ह्यांनी."

"नाव काय त्यांचं?"

म्हातारीनं उंच माणसाकडं बघितलं. "सांग की रं."

"पायगोंडा मगदूम, हरिपूर," तो म्हणाला. "माझे चुलते. दिवाळीच्या तोंडावर गेले. ही काकी, अक्काताई. मी राजगोंडा."

आम्ही तिघांनीही हे नाव कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे मी तरी तसं गृहीत धरलं. मग अक्काताईंनी जे सांगितलं ते असं, की जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या मालकांनी शेजारची दोन माणसं बोलावून घेतली, उशाशी बसवली आणि शाळेत कविता म्हणावी तसं सुरात म्हटलं, 'हेमलता दिनकर रेळेकर, गिरणीच्या वर, पिवळं दार, गावभाग, सांगली. तिचं पेव तिला द्या.' दोनदा म्हटलं. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत.

पेव म्हणजे हळद ठेवायची जमिनीखालची कोठी. वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, खाली तीन पुरुष खोल पोट, आणि तोंडावर फरशी टाकून वर माती ओढलेली. हरिपुरात अशी कितीतरी पेवं होती. मी जन्माची सांगलीकर. निबंधात 'आज सर्वत्र भ्रष्टाचाराचे पेव फुटले आहे' असं लिहून शाबासकी मिळवलेली. खरं पेव मात्र मी कधी बघितलेलं नव्हतं, आणि आता एक माझ्या मालकीचं निघालं होतं.

राजगोंडाला त्या माळावर गोडाउन बांधायचं होतं. बाकीची पेवं त्यानं बुजवली होती. हे एक तेवढं चुलते देत नव्हते. कितीदा मागितलं तरी म्हणायचे, ते माझं नाही. "मग कुणाचं, तर गप्प," तो म्हणाला. "काकी म्हणती म्हणून थांबलोय. रविवारी या, उघडून देतो. आत काय असेल ते घेऊन जा. सोमवारी मला बुजवायला मशीन लावायचंय."

अक्काताई मात्र आईकडं बघत होत्या. आई तेव्हा चाळिशीच्या अलीकडची आणि दिसायला चांगली होती. मी बाबांवर गेलेय.

"मला पेव नको," अक्काताई म्हणाल्या. "त्यांनी दिलं, तर ते हिचं. मी शब्द मोडणार न्हाई. पर का दिलं तेवढं मला कळू दे. आमचं माणूस मला इचारल्याबिगर मीठ आणत नव्हतं दुकानातनं. आणि शेवटच्या घडीला ही पोरगी कोण? गाव काय बी बोलतंय. गावाचं सोडा. मलाच झोप न्हाई."

"मी तुमच्या मालकांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही," आई म्हणाली.

"मग पिवळं दार त्यास्नी कुणी सांगितलं?"

यावर आईनं जे खरं होतं ते सांगितलं, आणि खरं बोलून माणूस किती अडकतो ते मी तेव्हा पाहिलं. तो पत्ता तिनंच रचला होता, मला पाठ करून घेतला होता, हरवले तर म्हणायला. आमच्या घराबाहेर तो कुणाला ठाऊक नव्हता. "पण ही कधी हरवलीच नाही," आई म्हणाली. "हो की नाही हो?"

बाबांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, ते कळलं नाही. मग त्यांनी मशीन सुरू केलं आणि जोरात चालवलं. त्या मशीनला दोरा ओवलेलाच नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलं आणि गुप्तहेराच्या तल्लख बुद्धीनं सोडून दिलं.

मला संशय घ्यायला याहून मोठ्या गोष्टी होत्या. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी दोन सिद्धांत मांडले. पहिला, पेवात मोहरांचा हंडा आहे. दुसरा, मी पायगोंडा मगदुमांची मुलगी आहे. दोन्ही एकदम खरे असतील तर उत्तमच, असं मला वाटत होतं. सकाळी आरशात नाक तपासलं. नाक मोठं होतं. पायगोंडा मगदुमांचं नाक कसं होतं हे मला माहीत नव्हतं, पण ते मोठंच असणार याची माझी खात्री पटली. बाबांचंही मोठं आहे, ही बाब मी पुराव्यातून वगळली.

आई दोन दिवस कामापुरतं बोलत होती. आमटी अळणी होत होती आणि कुणी तक्रार करत नव्हतं. शेवटी मी स्वयंपाकघरात गेले, दाराला टेकले आणि आवाज खोल करून म्हणाले, "आई, माझे खरे वडील कोण?"

आईच्या हातात लाटणं होतं. "तो मशीनवर बसलाय तो," ती म्हणाली. "आता काय करतेस?"

मी हसणार होते. पण ती पोळपाट बाजूला सारून तशीच जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. आईला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, तू पण? त्या बाईंचं एक वेळ ठीक आहे, त्या मला ओळखत नाहीत. मी तिच्याजवळ बसले. माझे दोन्ही सिद्धांत मला एकदम नकोसे झाले, आणि हे कोडं सोडवायचंच असं मी पुन्हा ठरवलं, यावेळी आईसाठी.

म्हणून मी बाबांची जबानी घ्यायला गेले. विचारलं, तुम्हाला कुणावर संशय आहे का. ते म्हणाले, मला, छे, मला कशाला असेल. नंतर त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, बिचाऱ्यांना बायकोबद्दल शंका आली आहे. मला त्यांची फार दया आली.

रविवारी आम्ही तिघं बसनं हरिपूरला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं आहेत. बाबा खिडकीशी बसले होते आणि सारखे घाम पुसत होते, थंडीचे दिवस असताना.

पेव पहाटेच उघडून ठेवलं होतं. बरेच दिवस बंद असलेल्या पेवात वाईट हवा कोंडलेली असते, त्यामुळं उघडलं की लगेच उतरायचं नाही. राजगोंडानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. थोडं खाली गेल्यावर ज्योत बारीक झाली, तेव्हा त्यानं तो वर ओढला आणि अजून थांबायचं ठरलं. मी अक्काताईंच्या शेजारी दगडावर बसले. चौकशी पुढं न्यायची म्हणून विचारलं, पायगोंडाआजोबांचं नाक कसं होतं? मोठं हुतं, त्या म्हणाल्या. मी नकळत स्वतःचं नाक झाकलं.

त्या बोलताना सारखं 'हे', 'त्यांनी', 'आमचं माणूस' म्हणत होत्या. मी पडले बारावी शास्त्र. मी त्यांना समजावून सांगितलं, की नवऱ्याचं नाव घेतल्यानं आयुष्य कमी होतं ही अंधश्रद्धा आहे. आणि आता तर ते नाहीतच, तर नाव घेतल्यानं कुणाचं काय कमी होणार? आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. अक्काताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तोंडाला वळण न्हाई गं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तवा तर बाकीच्या बायकांनीच पढवलं हुतं."

दुसऱ्या खेपेला कंदील तळापर्यंत जळत राहिला. उतरायला मी पुढं झाले. आई नको म्हणत होती, पण वारस मी होते आणि गुप्तहेरही मीच. माझ्या कमरेला दोर बांधला. राजगोंडानं शिडी सोडली आणि सोडता सोडता कुरकुरला, काकांनी खुळ्यागत मधे मधे जादा पायऱ्या का ठोकून ठेवल्यात कुणाला माहीत. मला त्या पायऱ्या सोयीच्या पडल्या. माझी उंची तेव्हाही बेताची होती, आणि देवानं पुढंही त्यात लक्ष घातलं नाही.

पेवात माणूस उतरलं की वरच्यानं हाक मारत राहायची आणि आतल्यानं ओ द्यायची, अशी रीत आहे. ओ आली नाही की ओढून घ्यायचं. हाक मारायला अक्काताई बसल्या.

"पोरी, हाईस का?"

"आहे."

आवाज भिंतींना फिरून चारी बाजूंनी माझ्याच अंगावर आला. मी दचकले. तळाशी कंदिलाच्या उजेडात बघितलं, तर आत काही नव्हतं. हंडा नाही, पेटी नाही, एक हळकुंडसुद्धा नाही. भिंती मात्र गुळगुळीत लिंपलेल्या, हल्लीच लिंपल्यासारख्या. वर्षानुवर्षं रिकाम्या असलेल्या पेवाला कोण लिंपत बसतं? हा प्रश्न मला पडायला हवा होता. त्याऐवजी मी पुस्तकातल्यासारखी भिंत ठोकून पोकळ जागा शोधू लागले. लिंपणाचा एक पोपडा सुटून माझ्या डोक्यावर पडला आणि त्यामागची हळदीची पूड अंगभर झाली.

वर आले तेव्हा मी नखशिखांत पिवळी होते. राजगोंडा म्हणाला, हिचं लग्नच उरकून टाका आता. कुणी हसलं नाही. "आत काही नाही," मी म्हणाले.

"काहीच न्हाई?" अक्काताईंनी विचारलं.

"काहीच नाही."

त्या मग उठून आईपाशी गेल्या आणि तिचा हात हातात घेतला. तो राग नव्हता, आणि म्हणून ते बघणं फार अवघड होतं. "बाई, मी भांडत न्हाई," त्या म्हणाल्या. "काय असंल ते सांगून टाक. ते गेलं आता. मी कुणापाशी बोलणार न्हाई. कळलं तर मला त्यास्नी माफ तरी करता येईल. न कळता कशी करू?"

 आईकडं सांगायला काही नव्हतंच. तिचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले म्हणजे गुन्हा कबूल, असंच अक्काताईंना वाटणार हे मला दिसत होतं.

"तिला नका विचारू," बाबा म्हणाले. "मला विचारा."

आम्ही सगळे वळलो. बाबा टोपी हातात घेऊन उभे होते.

"ही हरवली होती," ते म्हणाले. "मी हरवलं होतं हिला."

श्रावणातला सोमवार होता, संगमेश्वराची जत्रा. मी पहिलीत होते. आई माहेरी गेलेली. बाबा मला घेऊन जत्रेला आले आणि कुस्त्यांच्या फडाशी थांबले. माझा हात धरला होता, ते म्हणाले, कधी सुटला ते कळलं नाही. मग सगळी जत्रा पालथी घातली, घाटावर पाण्यात डोकावून आले.  संध्याकाळी मी सापडले ती इथं, या माळावर. पेव उघडं होतं. मी तोंडाशी पालथी पडून आत ओरडत होते आणि एक माणूस माझ्या फ्रॉकचा घेर मुठीत धरून शेजारी बसला होता.

"म्हणाले, रडायची थांबत नव्हती. आत हाक मारून दाखवली, तर पेव ओ देतंय म्हणून खूष झाली. आता म्हणते, हे पेव मला पाहिजे. देऊन टाकलं. मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, पुढल्या सोमवारी आणा हिला, तिचं पेव बघायला. मी आणतो म्हणालो."

"मग का नाही आणलं?" आईनं विचारलं.

"हिनं घरी येऊन पेव पेव केलं असतं. तू विचारलं असतंस, पेव हिला कुणी दाखवलं."

"आणि चार दिवस ह्या माझ्यावर संशय घेऊन आहेत, ते तुम्हाला दिसत होतं?"

"सांगणारच होतो."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग ती म्हणाली, "कुस्ती कुणी मारली?"

बाबांनी मान खाली घातली. "बरोबरीत सुटली."

सांगलीच्या एका होतकरू गुप्तहेरानं नाकापासून हंड्यापर्यंत सगळं तपासलं होतं. हरवलेली मुलगी आपण स्वतः असू, एवढंच तपासायचं राहून गेलं होतं. मला त्या दिवसाचं काही म्हणता काही आठवत नव्हतं, आजही आठवत नाही.

अक्काताई शिडीपाशी गेल्या होत्या. मधल्या, आखूड जादा पायरीवरून त्यांनी हात फिरवला, मग पुढच्या पायरीवरून. "श्रावणात सोमवारी हितं येऊन बसायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, आपण जैन, ह्यांचं संगमेश्वरापाशी काय काम. दरसाली पेव लिंपायचे. त्यात माल न्हाई, काय न्हाई. मी इचारलं तर म्हणायचे, असू दे, कुणाला तरी लागंल."

त्यांचा हात त्या आखूड पायरीवरच राहिला. 

"एक दिवस जेवताना म्हणाले हुते, आज पेवाला हाक आली. मी म्हणलं, कुणाची? तर म्हणाले, कुणाची न्हाई, जेव." अक्काताईंनी पदरानं तोंड पुसलं. "आमाला मूल झालं न्हाई. पोरांचा विषय काढायचे न्हाईत ते घरात. मला लागंल म्हणून. म्हणून सांगितलं नसंल मला."

त्यांनी आईचा हात पुन्हा धरला आणि या वेळी काही विचारलं नाही. आईनंही तो सोडवून घेतला नाही. मग त्या माझ्याकडं वळल्या. "काय वरडत हुतीस गं?"

मी आईकडं बघितलं. "म्हण की," आई म्हणाली, "पाठ आहे तुला."

सतराव्या वर्षी, अंगभर हळद माखून, परक्या माणसांसमोर पोटावर पालथं पडून बालवाडीतला पत्ता ओरडायचा, याची मला लाज वाटली. तरी मी पडले आणि ओरडले. हेमलता दिनकर रेळेकर, गिरणीच्या वर, पिवळं दार, गावभाग, सांगली. सूर आपोआप जुना लागला. पेवानं सगळं घेतलं, घुमवलं, आणि पिवळं दार, गावभाग, सांगली असं शेवटचं शेवटचं परत केलं.

"अस्संच," अक्काताई म्हणाल्या. "ह्याच चालीत म्हणाले."

राजगोंडा किल्ली फिरवायची थांबला होता. थोड्या वेळानं म्हणाला, गोडाउन जरा सरकवून बांधू. आज ते गोडाउन तिथं आहे आणि त्याच्या एका कोपऱ्याला विनाकारण खाच आहे. नवीन माणसाला वाटतं, गवंडी चुकला.

मी उठून अंग झटकत होते तेव्हा अक्काताई म्हणाल्या, सरक. आणि त्या गुडघ्यावर बसल्या, मग हात टेकून, कण्हत कण्हत, माझ्यासारख्याच पालथ्या पडल्या. आई पुढं झाली तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं. त्या आत बघत राहिल्या. दोनदा त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

मग त्यांनी हाक मारली.

"पायगोंडा."

पहिल्यांदा हळूच, पेवाला ऐकूसुद्धा गेली नसेल. मग मोठ्यानं. आणि आतून ते नाव जाड, भारदस्त होऊन वर आलं, पुन्हा आलं, आणि विरत गेलं. ते पुरतं विरेपर्यंत त्या थांबल्या आणि त्यांनी पुन्हा हाक मारली.

तोंडापाशी माती भुसभुशीत होती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या लुगड्याचा काठ मुठीत घट्ट धरून ठेवला.